गोदामातले अस्वल

"शेठ मनाने निर्मळ होते, परंतु त्यांना वेळकाळाचे भान नव्हते. अस्वलाच्या सिनेमानंतर भर गोदामात त्यांनी एका दुःखी विधवेला अभिप्राय विचारला. ती रडत निघून गेली आणि त्या दिवसापासून शनिवारचा खेळ कायमचा बंद पडला."

आमच्या गावच्या ज्येष्ठांच्या मंडळाने यंदा जो अंक काढला, त्यात शेठवर आलेल्या लेखातला हा मजकूर मी जसाच्या तसा उतरवला आहे. लेखक माझ्या परिचयाचे आहेत. त्या शनिवारी ते गावात नव्हते. डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याला होते. ज्याने पाहिले नाही त्याने इतके ठामपणे लिहावे, याचे मला आता आश्चर्य वाटत नाही. मी सारी नोकरी जमीनमोजणीच्या खात्यात काढली. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतले किती बांध तुडवले याची गणती नाही. सर्वांत मोठ्याने भांडणारा माणूस मोजणीच्या दिवशी हमखास गैरहजर असतो, एवढे त्यातून शिकलो.

खरे सांगायचे तर मी थकलो आहे. वाद घालण्याची हौस कधीच फिटली. परंतु तोंडी खोटे वाऱ्यावर जाते आणि छापलेले खोटे चुकीच्या जागी पुरलेल्या दगडासारखे असते; दहा वर्षांनी येणाऱ्याला तीच हद्द वाटते. म्हणून हे लिहायला बसलो.

शेठचे नाव लिहीत नाही. गावात त्यांना नावाने कोणी हाक मारल्याचे मला आठवत नाही. त्यांचे पणजोबा राजस्थानातून खांद्यावर कापडाचे गाठोडे घेऊन आले आणि आमच्या पेठेत राहिले. मारवाडी बोलणे शेठना माझ्याइतकेच येत असे, म्हणजे येत नसे. उंची बेताची, सदरा नेहमी स्वतःच्या दुकानातल्या न खपलेल्या कापडाचा. "खपलं नाही म्हणजे वाईट असतंच असं नाही, मोजणीदार," ते मला म्हणत. सेवानिवृत्तीनंतरही मला मोजणीदार म्हणणारे ते एकटेच उरले होते.

लेखात त्यांना 'हौशी सिनेरसिक' म्हटले आहे. हेही चूक. सिनेमात त्यांना काडीचा रस नव्हता. त्यांना रस होता तो बघणाऱ्याच्या म्हणण्यात, आणि ही खोड सिनेमाच्या फार आधीची होती. गिऱ्हाईक पायरी चढले की "काय दाखवू" असे ते विचारीत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मागचं कसं निघालं?" गिऱ्हाईक जे सांगेल ते ताग्यातल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवीत, आणि पुढच्या गिऱ्हाइकापुढे तागा उलगडताना तो पुठ्ठाही दाखवीत. 'दोन धुण्यांत विटलं. डिंगोऱ्याची मावशी.' असा मजकूर मी स्वतः वाचला आहे. त्या ताग्यातले पाऊण कापड पुढे शेठच्याच सदऱ्यांना लागले.

"पप्पा, आपन विकायला बसलोय का न्हाई?" त्यांचा मुलगा एकदा माझ्यासमोर कळवळून म्हणाला.

"विकतोच आहे. त्या मावशीला विचार, दर लग्नसराईला डिंगोऱ्याहून इथंच का येते."

मुलगा पुढे पुण्याला गेला आणि त्याने कापडाऐवजी फरशांचा धंदा काढला. फरशी विटत नाही.

एकदा आम्ही दोघे भीमाशंकरला गेलो होतो. मला दर्शन घ्यायचे होते, त्यांना सोबत करायची होती. मी रांगेतून परत येईपर्यंत हे गृहस्थ पायऱ्यांच्या कडेला उभे राहून दर्शन घेऊन वर येणाऱ्या प्रत्येकाला विचारीत होते, "कसं वाटलं?" कोणी हसून पुढे जात होते, कोणी त्यांना देणगी मागणारा समजून तोंड फिरवीत होते. एक जण वैतागून म्हणाला, "कसं वाटायचंय? लई गर्दी." शेठ शांतपणे म्हणाले, "त्या गर्दीत एक तुम्ही होता. तेवढं सोडून सांगा." तो माणूस थांबला. डोक्यावरची टोपी काढून त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "आईसाठी काय तरी मागायचं व्हतं, ते इसरलो." आणि पुन्हा पायऱ्या उतरून देवळाकडे गेला. परतीच्या एसटीत शेठ प्रसन्न होते. मी मात्र रागावलो होतो, कारण त्यांनी मला काहीच विचारले नव्हते.

शनिवारचा खेळ सुरू झाला तो दुकानामागच्या गोदामात. आमच्याकडे बिबट्या उसात राहायला आल्यापासून दिवेलागणीनंतर कोणी कोणाच्या ओट्यावर बसत नाही. माणसे भेटेनाशी झाली, म्हणून दयाळू शेठनी दुपारचा खेळ काढला, असे लेखात आहे. हे वाचायला गोड आहे. वस्तुस्थिती अशी की शेठ सूर्यास्तानंतर अन्नपाणी घेत नसत, आणि पाचच्या सुमारास ताटावर बसायचे तर खेळ दीडला सुरू होऊन चारला संपायला हवा होता. लोकांना उजेडी घरी पोहोचता येते, हे नंतर त्यांच्या लक्षात आले. हे त्यांनी स्वतः मला सांगितले आहे. चांगल्या माणसाला आणखी चांगला करून छापणे हीसुद्धा अफरातफरच आहे.

त्यांच्या पुतण्याने पुण्याहून प्रोजेक्टर आणून दिला. खिडक्यांना अस्तराचे काळे कापड, समोर रुंद मांजरपाटाचा पडदा, साठ लोखंडी खुर्च्या. आणि पडद्याच्या शेजारी, पडद्याकडे पाठ करून, शेठची खुर्ची. ते सिनेमा बघत नसत. बघणाऱ्यांचे चेहरे बघत असत. पडद्यावरचा उजेड आमच्या तोंडांवर पडे आणि ते अडीच तास आम्हांला वाचत बसत. सुरुवातीला बायकांना संकोच वाटला. मग सवय झाली.

सिनेमा संपला की दाराला कडी. "बघणारा बोलल्याशिवाय पिक्चर संपत नाही," हे त्यांचे म्हणणे. प्रत्येकाला दोन प्रश्न असत. पहिला, "काय पटलं नाही?" दुसरा, "परत बघाल का?" पहिल्याचे उत्तर पुठ्ठ्यावर जाई, दुसऱ्यापुढे हो किंवा नाही. 'छान' चालत नसे. कोणी 'बरा होता' म्हटले तर शेठ म्हणत, "बरा ताप होतो. सिनेमाचं सांगा." स्वतःचा अभिप्राय त्यांनी कधीही दिला नाही. मी अनेकदा खोदून विचारले. "मी बघितला कुठं?" एवढेच उत्तर.

आता अस्वलाकडे येतो.

चहाच्या टपरीवर आणखी एक आवृत्ती चालते ती अशी, की गावाच्या भीतीची थट्टा करण्यासाठी शेठनी मुद्दाम नरभक्षक जनावराचा सिनेमा निवडला. निवड आदल्या शनिवारी हात वर करून झाली होती. "बिबट्याचा लावा राव एखादा," अशी मागणी होती. पुतण्याला तसा सापडला नाही. "मग अस्वलाचा लावा. जनावर ते जनावर." साठापैकी पन्नास तरी हात वर गेले. त्यातला एक माझा होता.

सिनेमा परदेशी, पण गोरी माणसे टीव्हीवरच्या हिंदीत बोलत होती. बर्फाचे डोंगर, निर्जन अरण्य. एक लाकूडतोड्या आरंभीच अस्वलाच्या तावडीत सापडतो. मग शहरातली पाचसहा तरुण माणसे तंबू घेऊन येतात आणि अस्वल त्यांना एकेक करून मारते. शेवटी नायक पेट्रोलचे पिंप पेटवून अस्वलाला उडवतो. मध्ये कोणीही उठले नाही. शेंगांची टरफले फोडण्याचा आवाजसुद्धा थांबला होता.

आणि मग कडी लागली, आणि गावाने तोंड उघडले.

"ही मान्सं येडी हायेत," पहिला एक ऊसवाला उठला. "एक मेल्यावर ठसं कुनी बघितलं का? ठसं बघायचं, वनखात्याला फोन लावायचा. आख्खा पिच्चर संपला, पिंजरा आला न्हाई!"

"आपल्याकडं लई येळेवर येतोय जनू!" मागून कोणीतरी म्हणाले, आणि गोदाम हसले.

"एकेकटी कशाला हिंडत्यात?" दुसरा म्हणाला. "मोबाइलवर मोठ्यांदा गानी लावायची, चार जनांनी मिळून जायचं. आमची पोरं शाळंत जात्यात ती काय मूर्ख हायेत?"

पिंपरी पेंढारहून आलेले एक पाहुणे होते, टोमॅटोवाले. त्यांची शंका वेगळी होती. "शेठ, मला एक सांगा. आख्ख्या पिच्चरमधी ऊस कुठं दिसला न्हाई."

"नाही दिसला."

"मग ते अस्वल लपत व्हतं कुठं?"

"जंगलात, पावणं," शेजारचा म्हणाला.

"जंगलात कशाला जातंय? उसात ऱ्हातंय जनावर. पटलं न्हाई. लिवा."

शेठनी गंभीरपणे लिहिले. ते हसले नाहीत. मी हसलो, आणि घरी जाताना माझ्या लक्षात आले की गेल्या पंधरा वर्षांत मीही जंगलात एकही बिबट्या पाहिलेला नाही.

बायकांच्या बाजूने एक म्हातारी म्हणाली, "ते अस्वल उपाशी व्हतं. बरगड्या दिसत व्हत्या त्याच्या. ते पोटासाठी आल्तं. बाकीची समदी हिंडाया आल्ती."

"परत बघाल का, आजी?"

"अस्वलासाठी बघंन."

त्या म्हातारीच्या मागच्या खुर्चीवर ती बसली होती. गावाबाहेरच्या मळ्यात राहणारी, चाळिशीची. आठ महिन्यांपूर्वी तिचा नवरा पहाटेच्या लाइटीला उसाला पाणी धरायला गेला आणि बिबट्याने त्याला ओढून नेले. त्यानंतर तिच्या दारात कोण आले नाही? खाते आले, पोलीस आले, पुढारी आले, कॅमेरे आले. सगळ्यांनी तिला सांगितले: काय मागायचे, कुठे अंगठा द्यायचा, कोणासमोर काय बोलायचे. विचारले ते फक्त वय आणि वेळ. ती गोदामात यापूर्वी कधी आली नव्हती. त्या दिवशी जावेसोबत आली. ती येणार हे शेठना ठाऊक नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. कारण ती आत आली तेव्हा त्यांच्या हातातली पेन्सिल खाली पडली आणि ती मी उचलून दिली.

सर्वांना वाटले, शेठ तिला गाळून पुढे जातील. सभ्यपणा तोच होता. ते तिच्यासमोर थांबले.

"ताई, तुम्हांला काय पटलं नाही?"

 एकाने आवाज चढवला. "शेठ, जरा मानूस बघून इचारत जा!"

"अडीच तास बघतोय," शेठ म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही.

जाऊ तिचा दंड धरून म्हणाली, "चल गं, चल घरला." ती उठली. पण दाराकडे गेली नाही. उभी राहून बोलली. लेखात ती 'हुंदके देत होती' असे आहे. तिचा आवाज तुमच्या-माझ्यासारखा होता, किंबहुना पाणी कुठवर आलेय हे सांगावे तसा सपाट.

"त्यो पयला मेला ना, लाकडं तोडनारा," ती म्हणाली. "त्याच्या घरी कोन गेलं सांगाया?"

तिने जावेचा हात दंडावरून काढला.

"अस्वल समदं दावलं. त्याची गुहा दावली, पिल्लू दावलं. त्याचं घर न्हाई दावलं. त्याचं नावसुदिक घेतलं न्हाई कुनी. मंग त्यो मेलाच कशाला?"

शेठ लिहीत होते. हळू लिहीत होते. त्यांचे अक्षर मोठे होते आणि पुठ्ठा लहान. लिहून झाल्यावर त्यांनी वर पाहिले आणि, मी हे लपवणार नाही, दुसरा प्रश्नही विचारला. इतरांना विचारला तसाच, त्याच आवाजात.

"परत बघाल का?"

त्यानंतर जो गदारोळ उठला त्याचे वर्णन लेखात बरेचसे बरोबर आहे. खुर्च्या पडल्या. कोणी शेठच्या हातातला पुठ्ठा हिसकावला. कोणी म्हणाले, बाजारपेठेच्या माणसाला मळ्यातले दुःख काय कळणार. लेख म्हणतो की 'शेठ, लाज वाटू द्या, पुरे करा!' असे गावाच्या वतीने माजी सरपंचांनी खडसावले आणि एका अबलेची अब्रू राखली. हे श्रेय त्यांचे नाही. ते शब्द माझे होते. ओरडणारा मी होतो. शेजारी उभे राहून, त्यांच्या कानाशी, मी ओरडलो. शेठनी माझ्याकडे पाहिले आणि पेन्सिल खिशात ठेवली. त्यांनी माझा चेहराही वाचला असणार.

त्या गोंगाटात तिने दुसऱ्या प्रश्नाचे काहीतरी उत्तर दिले. ओठ हललेले मी पाहिले. शब्द ऐकू आले नाहीत, आणि ते कोणामुळे ऐकू आले नाहीत हेही मला ठाऊक आहे. मग जावेने तिला ओढून नेले. जाताना तिने तोंडावर पदर घेतला होता. पुरुषांच्या गर्दीतून बाहेर पडताना आमच्याकडची प्रत्येक बाई तो घेते. त्याचे रडणे ज्यांनी केले त्यांनी केले.

दुसऱ्या दिवसापासून गावाने ठरवले की तिचा अपमान झाला आहे. ठरवणाऱ्यांपैकी एकही जण मळ्यात गेला नाही, तिला विचारायला. पुढे शेठची तब्येत खालावली, मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला आणि ते तिथेच वारले. शेवटच्या भेटीत मी म्हणालो, "शेठ, गावाला दोन शब्द खरे सांगतो. मी साक्षीदार आहे." ते डोळे मिटून म्हणाले, "तुमची साक्ष कुणी मागितली, मोजणीदार?" मग मीही गप्प बसलो. गप्प बसण्याला माझ्याकडे आणखी एक कारण होते: जे सांगायचे ते त्या बाईच्या घरच्यांनाही माहीत नव्हते, आणि ते सांगण्याचा हक्क माझा नव्हता.

परवा आठवडेबाजारात तिने मला हाक मारली.

"आबा, त्या पुस्तकात माझं आलंय म्हनं. पोरीनं वाचून दावलं. मी रडत गेले, आसं लिवलंय."

"हो."

"आन् पुडच्या शनवारचं का न्हाई लिवलं?"

"ते ठाऊक कोणाला आहे?"

"तुमाला हाय की! मानूस मेलं तरी खोटं लिवत्यात त्याच्यावर. तुमी लिवा. घरच्यांचं मी बघते." आणि मेथीच्या दोन जुड्या माझ्या पिशवीत टाकून ती पुढे गेली.

म्हणून लिहितो. त्या पुढच्या शनिवारी मी गोदामात गेलो तो शेठची क्षमा मागायला, आणि मागे फिरावे की काय अशा विचारात पेठेच्या कोपऱ्यावर थांबल्यामुळे मला दहा मिनिटे उशीर झाला. सबंध गाव तिच्या वतीने रुसून घरी बसले होते. आत साठ खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि एकच भरलेली होती. त्या खुर्चीवर ती बसली होती, जावेला न सांगता, एकटी. आणि पडद्यावर तोच सिनेमा चालू होता.